वानखडेची वावरातली मंडळी

आमच्या दवाखान्यात पेशंटला भेटायला कोणी फुलांचा गुच्छ घेऊन आलं, की डॉक्टर वानखडे त्याला जिन्यातच गाठतो. गुच्छाकडे वाकून बघतो आणि विचारतो, "सोबत कोन कोन आनलं?" तो बिचारा मागे वळून पाहतो. मागे कोणी नसतं. वानखडे जंतूंबद्दल विचारत असतो. मग गुच्छ बाहेर राहतो, माणूस हात धुऊन आत जातो आणि जाताना वर वानखडेलाच नमस्कार करतो. मला असा नमस्कार कोणी केल्याचं आठवत नाही.

अमरावतीच्या एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसतो. मी पॅथॉलॉजिस्ट, तो मायक्रोबायोलॉजिस्ट. माझ्या घरी सगळे वकील आणि शिक्षक, बोलणं कसं शुद्ध. तो पातूरकडचा, काळ्या वावरात वाढलेला. मी जंतूचं लांबलचक नाव नीट उच्चारून सांगतो तेव्हा नर्सेस मोबाइल बघतात. तो म्हणतो, "हा लेकाचा वावरात लय भला मानूस. कोनाच्या अध्यात ना मध्यात. पन आयसीयूत आला, समोरचा आधीच आडवा पडेल दिसला, नळ्या टोचेल दिसल्या, का याची नियत फिरते." लगेच सगळ्या माना डोलवतात. मी तरी वेगळं काय सांगितलेलं असतं?

गेल्या हिवाळ्यात आयसीयूतल्या तीन पेशंटांच्या छातीत एकच जंतू निघाला. मातीपाण्यातला, एरवी निरुपद्रवी. दवाखान्यातले असे संसर्ग रोखणाऱ्या कमिटीचं अध्यक्षपद तेव्हा रिकामं होतं आणि ते मला हवं होतं. दारावरच्या पाटीचा मजकूरसुद्धा मी मनात ठरवून ठेवला होता. म्हणून मी एसी उघडवले, बेसिनं खरवडून नमुने घेतले, वॉर्डबॉयची नखं तपासली. हाती काही लागलं नाही. वानखडे मात्र बाहेरच्या बाकावर नातेवाइकांशी गप्पा हाणत बसला होता. मला ते पाहून बरंच वाटलं.

त्या गप्पांतच सगळं सापडलं. वरुडकडच्या एका काकूंच्या मालकांना म्हणे आमच्या दवाखान्यातलं पाणी मानवत नव्हतं. म्हणून त्या घरच्या विहिरीचं गोड पाणी कॅनमध्ये आणत. भेटीच्या वेळी त्यांना ऑक्सिजनच्या बुडबुड्यांच्या बाटलीत पाणी कमी दिसलं, तर त्यांनी तेच त्यात ओतलं. शेजारच्या दोन पेशंटांच्याही बाटल्या रित्या दिसल्या, त्याही भरल्या. माणुसकी म्हणून. त्या बाटलीत फक्त निर्जंतुक पाणी चालतं, कारण तिच्यातून गेलेली हवा थेट छातीत उतरते. हे कळलं तशा काकू रडायला लागल्या. वानखडे त्यांच्याजवळ बसून म्हणाला, "पानी चांगलंच हाय तुमचं, काकू. प्याले चालते. हे फुप्फुसात गेलं, एवढंच झालं."

बाटल्या बदलल्या, औषधं बदलली, तिघंही बरे होऊन घरी गेले. काकूंनी वानखडेला पिशवीभर संत्री दिली. मी बाजूलाच उभा होतो, मला एक फोडसुद्धा मिळाली नाही.

अध्यक्षपद अर्थातच त्याला देऊ केलं, आणि त्यानं नको म्हटलं. कमिटीच्या बैठका संध्याकाळी असतात आणि पाचनंतर त्याला जमत नाही. मी ज्यासाठी झुरत होतो ते हा गृहस्थ पाचच्या ठोक्यावर सोडून द्यायला तयार. वर त्याचं मन वळवायला दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी मलाच पाठवलं. माझा किती जळफळाट झाला ते सांगत नाही.

पाचचं प्रकरण मला आधीपासूनच खुपत होतं. रोज पाचला वानखडे दवाखान्याच्या बाथरूममध्ये डोक्यावरून आंघोळ करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि ओल्या केसांनी निघतो. या वयात हा नटूनथटून जातो कुठे, असा विचार करत मी त्याच्या घराकडे स्कूटर काढली.

तो घरीच होता. अंगणभर फरशी, एक कुंडी नाही. त्यानं मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, तोंडाला मास्क दिला आणि आत नेलं. आत त्याची बायको, मंदाताई, खुर्चीत बसल्या होत्या. काही महिन्यांपूर्वी त्यांची किडनी बदलली होती, हे त्यानं लॅबमध्ये कोणाला सांगितलं नव्हतं. नवी किडनी टिकावी म्हणून अंगाची लढायची ताकदच औषधांनी कमी केलेली. पातूरचं वावर लग्नापासून त्याच पाहायच्या, आता त्यांना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहायचीही मनाई होती. पाचची आंघोळ त्यांच्यासाठी होती.

मंदाताईंनी हातात मोजे घातले होते आणि मांडीवर स्टीलचा डबा होता. डब्यात काळी माती. वानखडेनं ती वावरातून आणून लॅबच्या ऑटोक्लेव्हमध्ये पुन्हा पुन्हा वाफवून काढली होती. त्यांनी मूठभर माती बोटांतून सोडली.

"दिसते तं आपलीच," त्या म्हणाल्या. "वास कावून नाई येत?"

वानखडे म्हणाला, "मातीचा वास त्या जंतूइचाच असते, मंदे. मी सारे मारून टाकले."

मंदाताईंनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाल्या, "मंग तुमीच सांगा, कसा रायते तो."

आणि वानखडे त्यांच्यापासून हातभर लांब, मास्क लावून, सकाळी पाणी दिलेल्या वाफ्याचा वास कसा असतो ते सांगू लागला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मी आहे हे दोघंही विसरले होते. अध्यक्षपदाचं काही न बोलता मी उठलो, आणि घरी पोचेपर्यंत मला वानखडेचा हेवा वाटत होता.