शिरूरचे लिंबाजीशेठ

शिरूर कासारात रस्त्याकडेला 'गयाबाई फॅमिली रेस्टॉरंट' आहे. त्याच्या दारावर लाल रंगात लिहिलंय : 'इथे चायनीज मिळत नाही. विचारू नये.' नवं गिऱ्हाईक ही पाटी वाचून आत येतं, गल्ल्यावरच्या मालकाचं तोंड बघतं आणि पाटी पुन्हा वाचायला बाहेर जातं. कारण मालक अस्सल चिनी आहे.

मूळ नाव लिन बाओजी. शिरूरनं त्याचा लिंबाजी केला आणि हॉटेल चालायला लागल्यावर लिंबाजीशेठ. वय सत्तरीचं, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून आहे. इतकी वर्षं झाली, तरी सकाळी शटर उघडताना शेजारून "काय वो, आज लई उशीर?" असं अस्सल शिरूरचं मराठी कानावर येतं आणि मान वळवल्यावर तो चेहरा दिसतो, तेव्हा मी अजूनही दचकतो.

एकदा पुण्याच्या एका पोरानं पाटी न वाचता मंचुरियन मागितलं. शेठनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"ते आमच्यात न्हाई खात."

"तुमच्यात म्हणजे कुणात?"

"शिरूरात."

समोरच्या गाड्यावर आख्खं शिरूर रोज संध्याकाळी तेच खातं, पण ते शेठना मान्य नाही. कोबीचे गोळे तळणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी काळंबेरं असतं, असं त्यांचं मत. त्यांच्याकडे मिळतं ते पिठलं, बाजरीची भाकरी आणि काळ्या मसाल्याचा रस्सा. हे सगळं गयाबाईंनी शिकवलेलं. गयाबाई लिंबागणेशच्या. शेठ तरुणपणी ट्रकवर क्लीनर होते. त्यांचा ट्रक लिंबागणेशजवळ बंद पडला, तो दुरुस्त होऊन निघून गेला, शेठ मात्र राहिले. लग्नाच्या बोलणीत गयाबाईंच्या भावांनी विचारलं होतं म्हणे, मुलाकडचे कोण कोण हायत? शेठ म्हणाले, "मीच." भावांना बसलेला तो धक्का अजून पुरता उतरलेला नाही, असं गयाबाईच सांगतात.

शेठचं एक खूळ मात्र सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रक हॉटेलासमोरच भरतात. भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्या, माणसं. ट्रक सुटायच्या वेळी शेठ हातातलं उलथनं घेऊन रस्त्यावर उतरतात आणि थेट बंपरसमोर उभे राहतात. प्रत्येक आईनं आपापल्या पोरांना नावानं हाक मारायची, पोरांनी ओ द्यायची, मगच ट्रक हलणार. मुकादम चिडतो, ड्रायव्हर हॉर्न दाबून ठेवतो. शेठ एवढंच म्हणतात, "आधी पोरं." एकदा खरंच एक पोरगी देवळामागं झोपलेली सापडली. तेव्हापासून मुकादम मुकाट बिडी पेटवून उभा राहतो. आम्ही याला लिंबाजीची हजेरी म्हणायचो आणि हसायचो.

गेल्या उन्हाळ्यात माळावर पवनचक्क्यांचं काम निघालं आणि एका दुपारी हॉटेलासमोर गाडी थांबली. आतून चार-पाच चिनी इंजिनिअर उतरले. बरोबर त्यांची दुभाषी, पुण्याची एक मुलगी. बघता बघता दारात ही गर्दी. आपला लिंबाजी आता चिनी बोलणार म्हणून जो तो टाचा उंचावत होता. मीही हातातली मोटार तशीच टाकून गेलो.

पाहुण्यांनी शेठना बघितलं आणि सगळे एकदम आनंदानं बोलायला लागले. शेठ ऐकत राहिले. मग माझ्याकडं वळून त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हनतेत?"

मागून कोणीतरी म्हणालं, "बनावट हाय रं. एवढी वर्सं फशिवलं." गयाबाई पाण्याचे ग्लास घेऊन आल्या त्या तशाच उभ्या राहिल्या.

पाहुण्यांत एक पिकल्या केसांचे होते, हुआंगसाहेब. ते जरा पुढं झाले आणि अगदी वेगळ्या सुरात त्यांनी विचारलं, "सित पाउ मांग?"

शेठ खाली बसले. तिथं खुर्ची नव्हती, फरशीवरच बसले. आणि बोलायला लागले. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. बारीक, घाईघाईचा, मध्येच अडखळणारा. हुआंगसाहेब आधी हसले, मग त्यांचं हसू मावळलं. मी त्या मुलीला विचारलं. तिनं त्यांना विचारलं.

मग म्हणाली, "त्यांनी 'जेवलास का' असं विचारलं. हे हाक्का लोकांचं बोलणं आहे, साहेबांच्या घरचं. मघाशी सगळे बोलले ती सरकारी चिनी, ती वेगळी. पण साहेब म्हणतात, हे आजोबा सहा-सात वर्षांच्या मुलासारखं बोलतात. त्यांना मोठ्या माणसाचं बोलणं येतच नाही."

त्यानंतर हुआंगसाहेब दर रविवारी यायला लागले. रश्श्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी वाटी पुढं करायचे. त्या दोघांच्या बोलण्यातून आणि नंतर शेठनी आम्हाला तोडक्या वाक्यांत जे सांगितलं त्यातून एकेक गोष्ट बाहेर आली. संसार एवढा झाला, पण गयाबाईंनाही यातलं काही माहीत नव्हतं.

आईच्या कडेवर बसून ते बोटीनं कलकत्त्याला आले होते. बाप जोडे शिवायचा. मग चीनची लढाई लागली आणि पोलीस चिनी लोकांना घराघरातून न्यायला लागले. त्या दिवशी लिंबाजीला गोवर निघाला होता, अंग तापानं फणफणत होतं. आईनं त्याला शेजारणीकडं ठेवलं आणि सांगितलं, ताप उतरला की न्यायला येते. तिला आणि बापाला राजस्थानातल्या छावणीत नेलं आणि तिथून बोटीनं चीनला, असं पुढं कुणाकडून तरी कळलं. ते बोलणं बोलायला दुसरं कोणीच उरलं नाही, म्हणून ते तिथंच थांबलं.

हुआंगसाहेब म्हणाले, मी चीनमध्ये शोध घेतो, आईचं नाव सांगा.

"आ-मे," शेठ म्हणाले.

म्हणजे आई. ते झालं, पण नाव काय? शेठनी खूप वेळ विचार केला. मग गयाबाईंकडं बघितलं, जणू त्यांना माहीत असेल. नाव कोणालाच माहीत नव्हतं. मी तिथून उठून दुकानात गेलो आणि उगाच नट आवळायचे पाने शोधत बसलो.

पावसाळा सरेपर्यंत शेठचं बोलणं बारा वर्षांच्या पोराइतकं झालं, असं हुआंगसाहेबांनी दुभाषीकरवी सांगितलं. आता उलटून बोलतो, असंही म्हणाले. मग माळावरचं काम संपलं.

निघायच्या दिवशी हुआंगसाहेब गाडीत बसल्यावर शेठ खिडकीशी गेले. आधी ते हाक्कात काहीतरी म्हणाले. समजलं की नाही अशी शंका आली असावी, म्हणून दुभाषीला मराठीत सांगितलं, "साहेबांना म्हनावं, तिकडं कुठं लई म्हातारी बाई दिसली तर तिला सांगा. ताप उतरला म्हनून."

गाडी गेली. शेठ रस्त्यावर तसेच उभे होते. गयाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. सगळ्या रस्त्यादेखत त्यांनी शेठची टोपी मागं सारली आणि कपाळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"उतरलाय," त्या म्हणाल्या. "चला घरात."