किंमत विचारायला काय जातं?

नेहमीच्या सलूनपर्यंत चालत जायचा मला कंटाळा आला, खरं तर घडलं ते एवढंच. गल्लीच्या तोंडाशी नवीन सलून उघडलं होतं. लख्ख काच, कोऱ्या खुर्च्या, वर पंखा. म्हटलं, इथेच बसू. खिशात बायकोने दिलेले पैसे होते. दुरुस्तीला टाकलेला मिक्सर येताना सोडवून आणायचा होता.

आत शिरताच मी भिंतींवर नजर फिरवली. दर कुठेच लिहिलेले नव्हते. शहाणा माणूस अशा वेळी सरळ विचारतो, "कटिंगचे किती?" मीही तोंड उघडलं होतं. पण शेजारच्या खुर्चीत एक रुबाबदार गृहस्थ चेहऱ्याला लेप लावून, डोळे मिटून पडले होते. त्यांच्यादेखत भाव विचारायचा म्हणजे आपल्याला परवडत नाही याची जाहीर कबुलीच. (गृहस्थ बारीक घोरत होते. पण आपला आब आपणच राखायचा असतो.)

सलूनवाला मध्यम वयाचा, अबोल माणूस. त्याने माझा चष्मा अलगद काढून फळीवर ठेवला आणि कात्री हातात घेतली. हात काय हो त्या माणसाचा! कात्री चालतेय की कुणी कानाशी हळूच बोलतंय, कळू नये. मला गुंगीच आली.

"साहेब, वॉश करू?"

कटिंगमध्येच धरलं असेल, असं समजून मी म्हणालो, "करा."

"थोडी मालिश?"

"चालेल."

"चेहरा जरा थकल्यासारखा वाटतो."

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, आणि माझं कारण चारचौघांत देण्यासारखं नव्हतं. "बघा तुम्हीच," मी म्हणालो. त्याने खरोखरच बघितलं. मग त्याने कलरचं विचारलं. "थोडासाच," मी म्हणालो. (थोडासा म्हणजे कसा, हे त्यालाही कळलं नसावं.)

चष्मा परत मिळाला तेव्हा आरशात माझा धाकटा भाऊ बसला होता. मला धाकटा भाऊ नाही.

"किती झाले?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्याने आकडा सांगितला. सांगताना माझ्यापेक्षा तोच जास्त संकोचला. मिक्सरचे सगळे पैसे दिले असते तरी जवळपास तेवढेच आणखी लागणार होते. मी बायकोला फोन लावला.

"मी सलूनमध्ये आहे, कोपऱ्यावरच्या. थोडे पैसे घेऊन येतेस का?"

"का, कापलं का कुठे?"

"नाही गं. तू ये, मग सांगतो."

ती आली. माझ्यावरून नजर फिरवत पुढे गेली आणि सलूनवाल्याला म्हणाली, "आमचे हे इथे आले होते ना? कुठे गेले?"

"अगं, मीच."

तिने मला नीट न्याहाळलं. "आवाज तर तोच आहे," ती त्याला म्हणाली.

आता जुंपणार, असं मला वाटलं. (कुणाच्या मागे लपायचं, हेही मी ठरवून ठेवलं.) पण तिने माझ्या मानेमागची रेघ बघितली. "हात फार चांगला आहे तुमचा," ती म्हणाली. "मग कामाआधी पैसे का नाही सांगितलेत?"

तो खाली बघत म्हणाला, "ताई, आधीच पैसे सांगितले तर गिऱ्हाइकाला वाटतं, याचा आपल्यावर भरवसा नाही. साहेब विचारतील म्हणून मी वाट बघत होतो."

"आणि तुम्ही हो?"

"ते सांगतील म्हणून मी वाट बघत होतो."

"म्हणजे दोघंही वाट बघत बसलात आणि तेवढ्यात फेशियल झालं."

शेजारच्या लेपातून एक डोळा उघडला. "माझे किती होतील हो?" गृहस्थ म्हणाले. "मघापासून विचारीन म्हणतोय."

बायकोने सलूनवाल्याला विचारलं, "दारात येऊन आत न येताच परत जाणारे बरेच असतील ना?"

"खूप. मला वाटलं, रांग बघून जात असतील."

"रांग कुठाय?"

त्याने रिकाम्या दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "अजून दुकानाचं भाडंही सुटत नाही, ताई."

माझी बायको शाळेत चित्रकला शिकवते. तिने कोपऱ्यातलं रिकामं खोकं फाडून पुठ्ठा केला, त्याच्याकडून मार्कर घेतला आणि तो सांगत गेला तसं लिहीत गेली. "हे वॉश धरून की सोडून? मुलांचं किती? कलरचा आकडा मोठा आहे म्हणून बारीक नका लिहायला लावू." मग पुठ्ठा काचेला टेकवून ती रस्त्यावर गेली आणि तिथून वाचता येतो का ते बघून आली. सलूनवाला माझ्या फेशियलचे पैसे सोडायला निघाला, तर म्हणाली, "काम केलंय तुम्ही. घ्या." पैसे पूर्ण दिले. मिक्सर पुढच्या पगारापर्यंत दुकानातच राहिला, आणि तरीही मी घरी जाताना तिच्या शेजारून छाती काढून चाललो होतो.

पुढच्या खेपेला गेलो तर बसायला जागा नव्हती. पुठ्ठ्याच्या जागी तिच्याच हातची रंगवलेली पाटी लागली होती. लोक दारात थांबत, पाटी वाचत, मनातल्या मनात हिशेब करत आणि बिनधास्त आत येत. मला दुकान अर्धं आपलंच वाटायला लागलं. माझी भीडही चेपली होती. खुर्चीत बसताच मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "माझ्या डोक्यावर काम तसं कमीच असतं. काही कमी करणार का?"

सलूनवाल्याने कंगव्याने पाटीचा तळ दाखवला. "तुम्ही येणार म्हणून ताई सकाळीच लिहून गेल्या," तो म्हणाला.

रंग अजून ओला होता. अक्षर वळणदार, रस्त्यावरूनही वाचता येईल एवढं मोठं: "केस कमी असले तरी दर तोच."