भिंतभर बाबा

हॉलच्या भिंतीवर चार चित्रं लावायला असा कितीसा वेळ लागतो? अर्धा तास! चहा धरून पाऊण! असं मी सकाळी छाती फुगवून म्हणाले होते. ती सकाळची मी आत्ता समोर आली, तर तिच्या तोंडावर हातच ठेवीन.

चित्रं माझ्या सासऱ्यांची. निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात. बाबांनी ब्रश धरला. झाडं, बोटी, सूर्यास्त, सासूबाई, जे समोर येईल त्याला रंग! चित्र झालं की ते हातभर लांब धरायचे, डोळे बारीक करायचे आणि विचारायचे, "कसं झालंय?"

"छान!" आम्ही एका सुरात.

मग ते चित्र सोफ्यामागे जायचं. सोफा सरकत सरकत इतका पुढे आला होता, की बसल्या जागेवरून पायाच्या अंगठ्याने चॅनेल बदलता यायचं.

आणि एक दिवस कळलं की बाबांना मोतीबिंदू आहे, तोही दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. ऑपरेशनं झाली, पण तेव्हापासून ते गप्पच होते. ब्रशकडे बघतही नव्हते. आज सासूबाईंना बरोबर घेऊन ते नवा चष्मा आणायला गेले होते. परत आले की दारातच समोर आपलीच चित्रं! माणूस कसा खुलेल! कल्पना माझीच. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

"ड्रिल मी चालवणार," नवरा म्हणाला. तो विमा कंपनीत आहे. अपघात झाल्यावर काय करायचं ते त्याला तोंडपाठ आहे. होऊ नये म्हणून काय करायचं, ते खातं वेगळं असावं.

"जरा डावीकडे," मी म्हणाले.

"तुझ्या डावीकडे की माझ्या?"

"अहो, दोघं एकाच भिंतीकडे तोंड करून उभे आहोत!"

पहिलं भोक पडलं आणि त्याच्याबरोबर ताटाएवढा गिलावाही पडला. आतून विटा दिसायला लागल्या.

"एवढं काय त्यात? वर मोठं चित्र लावू," नवरा म्हणाला. सूर्यास्त तिथे गेला. दुसरं भोक तिरकं गेलं, तिथे झाड. तिसरं इतकं वर पडलं की बोट छताला टेकली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की आम्ही चित्रांसाठी भोकं पाडत नव्हतो, भोकांसाठी चित्रं शोधत होतो! माझे खांदे भरून आले होते, केसांत अर्धी भिंत होती, आणि चहा तर अजून झालाच नव्हता.

"अरे वा!" नवरा एकदम ओरडला. "इथे भिंत लोण्यासारखी मऊ आहे!"

पाठोपाठ बेल वाजली. दारात पलीकडच्या घरातली शेजारीण, पिठाच्या डब्यात पडल्यासारखी पांढरीफटक.

"माझ्या स्वयंपाकघरात," ती म्हणाली, "भिंतीतून एक दांडा बाहेर आलाय. आणि तो फिरतोय!"

नवऱ्याचा लगेच ऑफिसातला आवाज लागला. "कुणाला इजा?"

"फोडणीला!"

ती आत आली. भोकाला डोळा लावून म्हणाली, "अगंबाई, माझा गॅस दिसतोय!" मी हात जोडले, दुरुस्त करून देतो म्हणाले, चहाचं विचारलं. पण तिची नजर चित्रांवर फिरत होती.

"तोवर झाकायला काहीतरी द्या. तो कोंबडा देता? स्वयंपाकघरात शोभेल."

आम्ही दोघांनी तिच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. लाल शाल पांघरलेल्या सासूबाई होत्या त्या!

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. समजावून सांगायचं त्राण दोघांतही नव्हतं.

"न्या," मी म्हणाले.

आमच्या बाजूच्या भोकावर आम्ही फुलदाणीचं एक चित्र टांगलं, झाडू हातात घेतला, तोच बाबा आणि सासूबाई दारात!

"हा काय राडा?" सासूबाई. आणि भिंतीवरून नजर फिरवून, "माझं चित्र कुठाय?"

"शेजारी," मी म्हणाले. "त्यांना फार आवडलं. मागूनच नेलं."

सासूबाईंनी केस सारखे केले. "बाईला नजर आहे हो."

बाबा मात्र नवा चष्मा सावरत एकेका चित्राजवळ जाऊन थांबत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चला, दमल्याचं सार्थक झालं!

"ही... कुणी काढली?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच, बाबा."

"मी? हा घोडासुद्धा?"

"ती बोट आहे. तुम्हीच म्हणाला होतात."

"आणि तुम्ही सगळे छान छान म्हणत होतात?"

आम्ही तिघंही फरशीकडे बघायला लागलो.

"उतरवा," बाबा म्हणाले. "सगळी."

नवऱ्याने सूर्यास्त काढला. मागे विटा. झाड काढलं, मागे भगदाड. फुलदाणी काढली, तर भिंतीतून स्पष्ट आवाज आला, "काही म्हणा, कोंबडा मस्त दिसतोय हो!"

"कुठला कोंबडा?" सासूबाई म्हणाल्या.

बाबांनी भोकाकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं उमगलं. ते हसायला लागले. असे हसले, असे हसले, की नवा चष्मा काढून डोळे पुसावे लागले. किती दिवसांनी!

"लावा परत," ते म्हणाले. "भिंतीपेक्षा घोडाच बरा."

मग ते सोफ्यावर टेकले, चष्मा चढवला आणि माझ्याकडे निरखून बघत राहिले.

"सूनबाई, तुझा चेहरा नेहमी असाच असतो का गं? की आज दमलीस?"

"आजच दमलेय, बाबा," मी ठोकून दिलं.

दिवसभरात सरळ बसलेला तेवढाच एक खिळा!