धुराडं पाडण्याचा ठराव

धुळ्याच्या मोतीलालभाऊंनी गृहसुधारणा मंडळ काढलं, कारण बायकांनी धुरात वाकून स्वयंपाक करावा हे त्यांना बघवत नसे. 'उभ्याने स्वयंपाक, निरोगी समाज' या विषयावर ते थेट शिरपूरपर्यंत भाषणं देऊन आले. त्या वेळी घरी त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई चुलीशी वाकून मंडळासाठी भाकरी थापत असत. धूर असाच घेतला तर डोळे जातील, असं वैद्यांनी बजावलं होतं. मोतीलालभाऊंना याचं फार वाईट वाटे. भाषणात ते हा दाखला नाव न घेता देत.

शेवटी सुरुवात स्वतःच्या घरापासून करायची ठरलं. जुनी चूल मोडायची, उंच ओटा बांधायचा. पण भाऊबंदांतले वडीलधारे हिलालनाना म्हणाले, "कानबाईना रोट कोठे व्हतीन रे भाऊ?" श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट याच चुलीवर भाजले जात आणि सगळे भाऊबंद ते खात. देवीचा प्रश्न आला म्हटल्यावर पोटसमिती नेमणं भाग होतं.

पोटसमिती नावाला जागली. ती रोज दुपारी स्थळपाहणीस येई, धुराने डोळे चोळत ओसरीवर बसे आणि भरीत-भाकरी खाऊन निर्णय पुढे ढकली. अखेर सर्वानुमते ठरलं: चूल देवीची, सबब ती राहील, बाकी जुनाट ते सगळं पाडावं. फडताळ गेलं, कोनाडे गेले. काजळीमुळे छताचं धुराडं सर्वांत जुनाट दिसत होतं. ते तर मोतीलालभाऊंनी स्वतः पाडून बुजवलं. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर सांगतेची पंगत बसली. आतून धूर आला, मग खोकला, मग पहारीचे घाव ऐकू आले. प्रमिलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळे लालबुंद झाले होते.

"चूल मी मोडी टाकी," त्या म्हणाल्या. "आते वट्टा बांधा, मंग जेवा."

"अन् कानबाई?" हिलालनानांनी विचारलं.

"ती बी बाईच शे, नाना. तिले बी डोया शेतस."

भुकेल्या समितीला तत्काळ विटा सापडल्या, माती सापडली. पितांबर गवंडी शेजारीच राहतो, हेही आठवलं. दिवेलागणीच्या आत ओटा झाला, त्यावर नवी चूल बसली, धुराडं मोकळं झालं. मोतीलालभाऊंनी स्वतः चिखल तुडवला. तुडवताना त्यांना खरोखर लाज वाटली. मग पिठलं आलं आणि ती गेली.

पुढच्या भाषणात ते म्हणाले, "ओटा मंडळाने बांधला." खरी हकीकत एव्हाना सगळीकडे पोचली होती. श्रोते हसले. आपणही हसत असाल, तर बहुधा जेवून बसला आहात. म्हणजे आपण मंडळाचे सभासदच. आपली वर्गणी आत चुलीशी कुणीतरी भरतंच आहे.