फटक्याच्या वरची पदवी

भरडलेल्या तुरीचा वास आधी घशात उतरतो आणि मग नाकाला कळतो. कोरडा, किंचित गोड, उन्हाने तापलेल्या मातीच्या भिंतीसारखा. लातूरच्या आडत बाजारामागे मी ज्या घरात भाड्याने राहते, त्याच्या तळमजल्यावर डाळीचे दुकान आहे. दुपारी बाजार पेंगुळला की त्या वासातून एक आवाज जिना चढून वर येतो. लाकडावर लाकूड टेकल्याचा, टक्. आणि त्याच्यामागोमाग एक खर्जातला निवाडा, “ही चाल चुरी हाय!”

हा निवाडा सिद्रामप्पांचा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात गुडघ्यापर्यंत येणारा सदरा. जन्म डाळीत गेला. आता सौदे मुलगा मोबाइलवर करतो आणि अप्पांच्या वाट्याला दुकानाची मागची खोली आणि बुद्धिबळाचा पट आला आहे. डाळीची प्रत ठरवण्याची सवय मात्र हातातून गेली नाही. तूरडाळीत स्वच्छ, टपोरी ती फटका. तिच्याखालची सव्वा नंबर. तुटकी ती चुरी. अप्पांनी हीच वर्गवारी माणसांना लावली. बँकेतले एक साहेब पहिल्यांदा खेळायला आले आणि बघता बघता वजीर घालवून बसले. अप्पांनी हमालांच्या देखत जाहीर केले, “साहेब चुरी हायत.” साहेब महिनाभर त्या गल्लीतून गेले नाहीत. मग गुपचूप पुस्तके वाचून आले आणि सव्वा होऊन गेले. त्या संध्याकाळी त्यांनी हमालांना स्वखर्चाने चहा पाजला.

वर्तमानपत्रात कुणी नवा ग्रँडमास्टर झाल्याची बातमी आली की अप्पांचा दिवस बिघडे.

“लेकराचं कौतुकच हाय,” ते म्हणत. “पर मला सांगा ताई, जगात पहिला आलेला बी ग्रँडमास्टर, अन् काल झालेला बी ग्रँडमास्टर? एकाच पोत्यात? असली दाळ म्या बाजारात नेली असती, तर लोकांनी चपलीनं हाणलं असतं. वरच्यायला वरची पदवी पाहिजे.”

“रेटिंग असतंय की अप्पा,” समोरून हमीद मास्तर शांतपणे म्हणत. “आकड्यावरून कळतं कोण किती पाण्यात आहे.”

“आकडा उतरतो, मास्तर. पदवी उतरत न्हाई. म्हातारपणी माणसानं उतरलेला आकडा उशाला घेऊन झोपावं का?”

“वर मजला चढवला की खालचा मजला तळघर होतो, भाई. आज ज्याला ग्रँडमास्टर म्हणून सलाम करता, त्याला उद्या ‘नुसता ग्रँडमास्टर’ म्हणाल.”

हमीद मास्तर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. बोटे लांब आणि निवांत. सोंगटी उचलताना ती फुलपाखरू धरल्यासारखी धरत. मागच्या खोलीतले एकमेव फटका तेच. बेगम गेल्यापासून घरी एकटे असत. नांदेडची मुलगी त्यांना कायमचे आपल्याकडे बोलावत होती. तिचा फोन बहुधा ऐन डावात येई आणि तो वाजला की अप्पांचा हात पटावर थबके.

गेल्या वर्षी मास्तरांचे जायचे जवळजवळ ठरले. आणि नेमक्या त्याच आठवड्यात अप्पांना साक्षात्कार झाला की जगाचे जग बघून घेईल, पण आपल्या खोलीत तरी फटक्याच्या वर एक पदवी असलीच पाहिजे.

शब्दासाठी ते माझ्याकडे आले. मी कविता लिहिते, म्हणजे माझ्याकडे शब्दांची कोठारे भरलेली असणार, असा त्यांचा हिशेब. व्यापारी डाळीचा दाणा दाताखाली धरून ओल तपासतात, तसा अप्पा शब्द तपासत. डोळे मिटून, जबडा हळू हलवून.

“शिरोमणी,” मी म्हटले.

“साखर कारखान्याच्या चेअरमनला देत्यात तसला हाय.”

“चतुरंगभूषण.”

“लग्नाच्या बस्त्याचं दुकान वाटतंय.”

“सार्वभौम.”

या शब्दावर जबडा बराच वेळ हलला. “ओली हाय,” ते शेवटी म्हणाले. “अजून वाळू द्या.”

अखेर शब्द त्यांनाच सापडला. अव्वल. तहसील कचेरीत अव्वल कारकून असतो. त्यातला कारकून काढून टाकला की उरते ते अस्सल सोने, असे त्यांचे म्हणणे. ग्रँडमास्टर व्हायला तीन मोठ्या स्पर्धा गाजवाव्या लागतात, हे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. म्हणून नियम ठरला की अप्पांना सलग तीन दुपारी हरवेल तो अव्वल.

मास्तरांनी त्याच दिवशी मुलीला फोनवर सांगितलेले मी स्वतः ऐकले. “बेटा, एक पदवी बाकी आहे. मिळाली की निघतो. अधुरं सोडून कसं येऊ?”

त्यानंतर मास्तर पहिली दुपार जिंकत. दुसरीही जिंकत. तिसऱ्या दुपारी मात्र त्यांचा उजवीकडचा हत्ती न चुकता अप्पांच्या घोड्यासमोर जाऊन उभा राही. अप्पा तो मारत आणि मांडीवर थाप मारून ओरडत, “अव्वल व्हनं सोपं न्हाई, मास्तर!” मास्तर दाढी कुरवाळत म्हणत, “नजर चुकली.” उन्हाळा सरला, बाजारात नवे मूग आले, मास्तरांची नजर तिसऱ्या दुपारी चुकतच राहिली.

मग दिवाळीनंतर ती खरोखरच चुकू लागली. मोतीबिंदू पिकला होता. एकदा रस्ता ओलांडताना ते रिक्षासमोर आले. मुलगी फोनवर रडली. जावई रविवारी गाडी घेऊन येणार, असे ठरले. मात्र मास्तरांनी अप्पांना यातले काहीच सांगितले नाही. मला जिन्यात भेटले तेव्हा हे सांगून पुढे एवढेच म्हणाले, “उद्या तिसरी दुपार आहे. तुम्ही या.”

मी गेले. डाळीची बारीक धूळ कवडशात तरंगत होती. डाव रंगात आला तसा मास्तरांचा हात नेहमीप्रमाणे उजव्या हत्तीकडे गेला, त्याच्यावर क्षणभर विसावला आणि परत फिरला. त्यांनी शेजारचे प्यादे एक घर पुढे सरकवले.

अप्पांनी मान वर केली. “मास्तर, बघून खेळा.”

“बघितलं.”

“हत्ती न्हाई हलवायचा?”

“आज नाही, अप्पा.”

आयुष्यात प्रथमच मी एका खेळाडूला समोरच्याच्या चांगल्या चालीने असे उन्मळताना पाहिले. अप्पांनी पुढच्या चाली खेळल्या त्या केवळ रिवाज म्हणून. मात झाली तेव्हा ते उठले, दुकानाच्या दारात गेले आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असे ओरडले, “हमीद मास्तर अव्वल झाले हो!” पेढे मागवले. बँकेच्या साहेबांना फोन केला. मास्तरांच्या खांद्यावर शाल घालताना त्यांचा हात शालीवरच राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ.

त्या संध्याकाळी मास्तर घरी गेल्यावर अप्पा सोंगट्या डब्यात भरत म्हणाले, “हत्तीचं मला पहिल्या दिवसापासनं ठावं व्हतं, ताई. फटका माणूस अशी चूक करत नसतोय. पायरी शिल्लक हाय तवर माणूस चढत येतो. संपली की पायात चप्पल घालतो.”

रविवारी मास्तर जावयाच्या गाडीतून नांदेडला गेले. परवा पुन्हा कुणी ग्रँडमास्टर झाल्याची बातमी होती. मी ती मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवली, वादाची वाट पाहत. अप्पा एवढेच म्हणाले, “खेळू द्या लेकरायला.” पट मांडलेला होता. दोन्ही बाजू. समोरच्या बैठकीवरची धूळ त्यांनी पंच्याने झटकली आणि माझ्याकडे न बघता बाजूला सरकले.

मला सोंगट्या कशा चालतात तेवढे येते. घोड्याचा अडीच घरांचा हिशेब मी अजून बोटावर करते. माझा डाव चहा निवायच्या आत आटोपला. मी निवाड्याची वाट पाहत बसले. चुरी म्हणवून घ्यायची माझी पूर्ण तयारी होती. पण अप्पांनी माझ्या चालींना कोणतीही प्रत लावली नाही. ते एकेक प्यादे उचलून, सदऱ्याच्या टोकाने पुसून, माझ्या बाजूला परत उभे करत होते. मी उठले, दारापर्यंत गेले. तेव्हा मागून, मान खाली घालूनच, ते म्हणाले,

“उद्या?”