वाघमारे काकांचं अंगण

वाघमारे काकांच्या काठीला दोन लाल चिकटपट्ट्या आहेत. वरची मेंदीच्या कुंपणासाठी, खालची गवतासाठी. सकाळी उठून ते ही काठी घेऊन गल्लीतल्या घरांसमोरून फिरतात. कुंपण पट्टीच्या वर गेलेलं दिसलं की फाटक वाजवतात. "वाढलंय," एवढंच म्हणतात आणि पुढच्या घराकडे वळतात.

नांदेडला कॉलेजला आल्यापासून मी त्यांच्याकडे भाड्यानं राहतो. आमचं गाव कंधार तालुक्यात. तिथे अंगणात शेळ्या बसतात, सोयाबीन वाळतं आणि कुणी काही विचारत नाही. इथे कॉलनीच्या कमिटीनं अंगणाचे नियम केलेत. म्हणजे काकांनीच केलेत, बाकीच्यांनी सह्या केल्या. वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "झाडाला बी नियम? बरं. तू पाळ."

मी पाळायचा प्रयत्न करतो, पण मला ते नीट कळत नाहीत. "खायचं मागं, बघायचं म्होरं," असा एक नियम आहे. मी बादलीत कोथिंबीर लावली आणि घरामागे ठेवली. तिला पांढरी फुलं आली.

"मागं ठिवून काय करून राहिला? फुलं आली की. म्होरं आण."

मी पुढे आणली. फुलं झडून धने धरले.

"आता मागं ने."

"काका, एवढं कशासाठी?"

"कुणी आलं तर?"

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पाचोळा पडला, कुणी आलं तर? नळाखाली शेवाळ धरलं, कुणी आलं तर? मी राहायला आल्यापासून मीटर बघणाऱ्याशिवाय कुणी आलेलं मला तरी आठवत नाही.

सगळ्यात मोठा गोंधळ पिंपळाचा. भिंतीत उगवलेलं रोप लगेच उपटावं, हा नियम काकांचाच. आणि त्यांच्याच कंपाउंडच्या भिंतीत वीतभर पिंपळ. पलीकडे शांताबाई एकट्या राहतात. त्या रोज सकाळी त्याला तांब्याभर पाणी घालत. तेवढ्यात भिंतीवरून दोघांचं बोलणं होई. गुडघे कसे आहेत, लाईट बिल किती आलं, पुण्याहून पोराचा फोन आला का. तांब्या रिकामा झाला की बोलणं संपे. दिवसभरात काका मेंदीव्यतिरिक्त बोलत ते एवढंच.

मग भिंतीला तडा गेला. कमिटीनं काकांनाच सांगितलं, रविवारपर्यंत रोप काढा.

"तू उपट," काका मला म्हणाले. "मला न्हाई जमायचं. आमचा बोधिवृक्ष हाय तो."

"हात लावू नको रे बाळा," पलीकडून शांताबाई म्हणाल्या. "आमच्यात पिंपळ उपटत न्हाईत."

मी हात अर्धा वर करून उभा राहिलो. "मग उपटायचा कुणी?"

"तू सायन्सचा हाईस का न्हाईस?" काका म्हणाले.

सायन्सला हे शिकवत नाहीत.

रविवारी काकांनी गवंडी बोलावला. रोपाभोवतीची भिंत खालपर्यंत पाडून घेतली आणि पिंपळ मुळांसकट पत्र्याच्या डब्यात लावला. आता तो खायचा की बघायचा? काका डबा घेऊन पुढे गेले, मागे गेले. शेवटी त्यांनी तो भिंतीच्या भगदाडातच, एका कडेला ठेवला.

"भिंत कधी बांधू?" गवंड्यानं विचारलं.

काकांनी काठी भगदाडात आडवी धरून पाहिली. "राहू दे. नियमात बसतंय."

असा नियम मी कुठे वाचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाई तांब्या घेऊन आल्या. पाणी घातलं, गुडघ्यांचं झालं, फोनचं झालं. मग परत जायच्याऐवजी डब्याला वळसा घालून त्या सरळ अलीकडे आल्या. अंगणभर विटांचे तुकडे आणि धूळ होती. काकांनी काठी पाठीमागे धरली.

"झाडायचं राहिलंय," ते म्हणाले.

"असू द्या की, भाऊ."

काकांनी मला खुर्च्या आणायला आत पाठवलं. दोन होत्या. एकीचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.