उत्तरेश्वरांचं सुधारित टिपाड

गावच्या सोसायटीचे सचिव उत्तरेश्वर शिबिराला गेले ते जेवणात श्रीखंड आहे असं कळलं म्हणून. विषय निघाला ‘औद्योगिक डिझाईनची मूलतत्त्वं’. तीन दिवसांत त्यांनी प्रमाणपत्र मिळवलं आणि घरी आले तेव्हापासून त्यांना एकही वस्तू धड दिसेना. झाऱ्याला पकड नव्हती, पाटाला आकार नव्हता, आणि दारातलं पाण्याचं लोखंडी टिपाड तर शास्त्राचा अपमानच होता.

साल दुष्काळाचं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, गावभरची टिपाडं रस्त्याला लागायची आणि ज्याचं भरलं नाही त्याचा आठवडा कोरडा. सचिवांच्या घरी टिपाड एकच. ते भरण्याचं खातं त्यांच्या बायकोकडे, सत्यभामाबाईंकडे. (सचिवांचा पाण्याशी संबंध अंघोळ आणि चहापुरता.)

“तोंड बघ याचं, सताड उघडं,” ते म्हणाले. “धूळ पडती. शेजारची छबुबाई तांब्या घालती. डिझाईनचं पहिलं तत्त्व, वापरणाऱ्याचा विचार करा.”

“मंग मला इचारा की. मीच वापरते.”

“तुला त्यातलं काय कळतंय?”

“टिपाडाला हात लावू नका,” असं बजावून बाई नारायणगडाला दर्शनाला गेल्या. इकडे सचिवांनी टिपाड मकसूद वेल्डरकडे नेलं.

“सचिवसाब, तुमी बोला, आपुन करतो,” मकसूद म्हणाला. त्याने खाली दोन चाकं लावली, मागे दांडा दिला, वरचं तोंड पत्र्याने बंद केलं, त्यातून बाटलीसारखी बारीक मान काढली आणि मानेला छबुबाईंसाठी कुलूप. वर हिरवा रंग. सचिवांचं मन भरून आलं. चेअरमन सुंदरराव तर म्हणाले, जमलं तर प्रत्येक सभासदाला असंच टिपाड देऊ.

टँकरच्या दिवशी चेअरमन पांढऱ्याशुभ्र कपड्यांत नारळ घेऊन हजर झाले. गडावरून परतलेल्या सत्यभामाबाई थेट रस्त्यावरच येऊन पोचल्या आणि टिपाड बघून जागच्या जागी थांबल्या.

“टँकरचा पाइप कदी बघितलाय का तुमी?”

सचिवांनी तो बघितला नव्हता. टँकर यायचा तेव्हा ते ऑफिसात असायचे, निदान घरी तसं सांगायचे.

ड्रायव्हरने मांडीएवढा पाइप आणून त्या बारीक मानेवर टेकवला. पाणी उसळलं ते थेट चेअरमनच्या छातीवर. टिपाडात तांब्याभरही गेलं नाही.

“बाजूला घ्या बे हे,” ड्रायव्हर ओरडला. “मागं लई टिपाडं हायेत.”

चेअरमन नारळ तसाच घेऊन जीपमध्ये बसले. टँकर पुढे सरकला आणि बघता बघता रिकामा झाला. सत्यभामाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि घरात त्या आठवड्याचं पाणी तेवढंच. सचिवांना पहिल्यांदाच मनापासून लाज वाटली. हंडा घेऊन ते छबुबाईंच्या दारात गेले. छबुबाईंनी शांतपणे त्यांना पाणी दिलं, तांब्याने मोजून.

पुढच्या टँकरला सत्यभामाबाईंनी भावाकडून उघड्या तोंडाचं टिपाड आणलं. पण आदल्या संध्याकाळीच त्या हिरवं टिपाड ढकलत रस्त्याकडे निघाल्या. सचिवांना आशा वाटली.

“हे कावून नेतीस?”

“रांगेत नंबर धराया. दुसरं काय ठिवलं की लोक उचलून नेत्यात. ह्याला कोणी हात लावीत न्हाई.” मग त्यांनी टिपाडाशेजारी पोतं अंथरलं. “बसा तुमीबी हितंच. तुमालाबी कोणी न्हेत न्हाई.”